जागा कमी नाही, अर्धी कामं जास्त आहेत

वाचकाचं पत्र

सांगलीत घरामागे बाबांचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. २५ बाय ४० ची शेड. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा बँकेतली नोकरी सोडून मी यात पडले. मुख्य मिस्त्री नाना, वय ६२, बाबांच्या बरोबरीने उभे राहिलेले. शिवाय दोन कारागीर आणि एक हेल्पर. काम कमी नाही, उलट आज ११ ऑर्डरी चालू आहेत. शेडमध्ये दोन कपाटं, दोन बेड, एक टीव्ही युनिट, पॉलिशविना डायनिंग टेबल आणि एका किचनची सगळी शटरं उभी आहेत. प्रत्येकाचं काहीतरी अडलेलं. महिन्याला कशीबशी चार कामं बाहेर पडतात. गिऱ्हाइकं फोन करून हैराण आणि मी थापा मारून. कुपवाड एमआयडीसीत दुप्पट मोठी शेड मिळतेय, भाडं २२ हजार. घ्यावी का?

दुसरं असं की नाना टेबल सॉचं (टेबलात बसवलेल्या गोल करवतीचं) गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकण, काढून ठेवतात आणि मास्क लावत नाहीत. त्यांचं बघून पोरंही तसंच करतात. बोलले तर म्हणतात, "पोरी, तुझ्या जन्माआधीपासून कापतोय." भुसा घरात येतो, माझ्या पाच वर्षांच्या मुलीचा खोकला जात नाही. एका इंटिरियरवाल्याकडे दसऱ्यापासून १ लाख ४० हजार अडकलेत. आणि शेवटचं, हसू नका: मावशीला सागवानी देव्हारा हवाय, "घरचंच तर वर्कशॉप आहे" म्हणून. काय करू?

(सांगलीची एक वाचक)

उत्तर

ताई,

कुपवाडची शेड आत्ता घेऊ नका. आत्ता घेतलीत तर सहा महिन्यांत तीही भरेल, आणि तेव्हा ११ ऐवजी २० अर्धी कामं उभी असतील. अर्धं काम असंच असतं, जेवढी जागा द्याल तेवढी खातं.

टेप घ्या आणि मोजाच. सात फूट रुंद, दोन फूट खोल कपाट कागदावर १४ चौरस फूट दिसतं. पण त्याच्याभोवती माणसाला फिरायला चारही बाजूंनी दोन-दोन फूट सोडले की होतात ११ बाय ६, म्हणजे ६६. अशी दोन कपाटं. डबल बेड याच हिशेबाने शंभराच्या वर जातो, तेही दोन आहेत. डायनिंग टेबलाचे ७५, टीव्ही युनिटचे ५५ धरा. बेरीज पावणेपाचशेच्या आसपास येते, आणि यात शटरं, कच्चा माल, मशिनं काहीच धरलेलं नाही. तुमच्या हजार फुटांतली निम्मी जागा कुणी काम करत नसलेल्या वस्तूंनी अडवली आहे.

आता टेबल सॉ. आठ फुटी शीट उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट मोकळे लागतात आणि पलीकडे आठ. ते तुमच्याकडे आज नसणारच. म्हणजे प्रत्येक कटाआधी टीव्ही युनिट सरकवायचं, कट झाला की जागेवर आणायचं. त्या सरकवासरकवीत कोपरा मार खातो, लॅमिनेटला चरा पडतो, मग ती पट्टी उचकटून नवी लावायची. तुमची माणसं दिवसातला बराच वेळ हमाली करतात आणि तुम्ही मजुरी सुताराची देता.

"प्रत्येकाचं काहीतरी अडलेलं" हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. मला विचाराल तर तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती. काय अडलं असेल याचा अंदाज सांगते, कितपत बरोबर निघतो ते कळवा. एका कपाटाच्या सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या आल्या नाहीत. दुसऱ्याच्या लॅमिनेटवर नवरा-बायकोचं एकमत नाही, त्याला अक्रोडी हवंय, तिला ऑफ व्हाइट. बेडला हायड्रॉलिक की ड्रॉवर हे ऑर्डर घेताना विचारायचं राहिलं. पॉलिशवाला "उद्या येतो" म्हणून गेलाय. किचनचा ग्रॅनाइट बसायचाय, म्हणून शटरं तयार होऊन पडलीत. यातलं एकही कारण सुतारकामाचं नाही, हे बघा. कारागिरी तुमच्याकडे आहे. करवत चालवायची घाई झाली, एवढंच.

ती घाई का होते तेही मला ठाऊक आहे. ऑर्डर आली, टोकन आलं, टिंबर एरियातल्या वखारीतून प्लाय आला, आणि नाना म्हणाले की पोरं रिकामी बसलीत, कापायला घेऊ. मिस्त्री रिकामा दिसला की मालकाच्या पोटात गोळा येतो. मग शीट कापली जाते, आणि कापलेली शीट परत होत नाही. एका सात बाय सातच्या कपाटाला १८ एमएमच्या पाच-सहा शीट सहज जातात, आणि चांगल्या वॉटरप्रूफ प्लायच्या शीटला तीन-चार हजार पडतात. म्हणजे बिजागऱ्यांची वाट बघत उभ्या असलेल्या एका कपाटात तुमचे वीस हजार नुसत्या प्लायचे उभे आहेत. असे सात नग उभे असले की महिनाअखेरीला पगाराला पैसे का पुरत नाहीत, हे बँकेत काम केलेल्या माणसाला मी सांगायला नको.

तेव्हा नियम एकच करा. सगळा माल हातात आणि सगळे निर्णय कागदावर आल्याशिवाय शीटला करवत लावायची नाही. सगळा माल म्हणजे प्लाय आणि लॅमिनेटच नव्हे. बिजागऱ्या, चॅनेल, हँडल, कुलूप, एज बँड (फळीच्या कडेला लावायची पट्टी), आरसा असेल तर त्याचं माप, हे सगळं. प्रत्येक ऑर्डरचं हार्डवेअर एका खोक्यात घालून त्यावर गिऱ्हाइकाचं नाव टाका. खोकं भरलं की कटिंग सुरू, नाहीतर नाही. आणि निर्णय कागदावर म्हणजे ड्रॉइंगवर लॅमिनेटचा नंबर, हँडलचा नंबर, आतल्या कप्प्यांची उंची, आणि खाली गिऱ्हाइकाची सही. फोनवर "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" म्हणणारं गिऱ्हाईक सगळ्यात महागात पडतं. तेच नंतर येऊन म्हणतं, आमच्या साड्यांच्या घड्या यात मावत नाहीत.

माप घेतानाही एक पथ्य. टाइल, स्कर्टिंग, फॉल्स सीलिंग पूर्ण झाल्याशिवाय अंतिम माप घ्यायचं नाही. भिंत ओळंब्यात असेल असं धरून चालू नका. वर, मध्ये आणि खाली अशी तीन मापं घ्या, सगळ्यात कमी निघेल त्यातून अर्धा इंच वजा करा आणि कडेला पट्टी मारून झाका.

शेडमध्ये एका वेळी पाच कामं. सहावं वहीत. हे ऐकून तुम्ही दचकाल, पण हिशेब करा. महिन्याला चार बाहेर पडतात आणि आत ११ आहेत, म्हणजे आज आत शिरलेलं काम पावणेतीन महिन्यांनी बाहेर येणार. आत पाच असतील तर तेच काम पाच आठवड्यांत बाहेर. मान्य, उरलेली सहा वहीत थांबतीलच, त्या गिऱ्हाइकांचं एकूण थांबणं लगेच कमी होणार नाही. पण वहीतलं काम जागा अडवत नाही, त्याला चरा पडत नाही, त्यात तुमचा प्लाय अडकत नाही. आणि त्या गिऱ्हाइकाला तुम्ही खरी तारीख सांगू शकता. सरकवासरकवी थांबली की चाराची पाच व्हायला मला वाटतं फार वेळ लागणार नाही.

आज उभ्या असलेल्या सात नगांचं काय? सगळ्यांवर थोडं थोडं काम करू नका. ज्याचं सगळ्यात कमी उरलंय ते आधी बाहेर काढा, मग ते काम ओळखीतल्या माणसाचं असो की नसो. पुढचा महिनाभर नवीन कटिंग बंद. पोरं रिकामी बसतील ही भीती असेल तर त्यांना ड्रॉवरचे डबे करायला द्या, पटाश्यांना धार लावायला द्या, रॅक बांधायला लावा. आणि खरंच एखादी दुपार बसली तर बसू द्या. एक दुपार बसलेला कारागीर तुम्हाला चुकून कापलेल्या शीटपेक्षा स्वस्त पडतो.

शेडच्या भिंतीवर एक काळा फळा लावा. पाच ओळी. गिऱ्हाइकाचं नाव, काम, द्यायची तारीख, आणि शेवटचा रकाना मोठा: "कशामुळे अडलंय". रोज सकाळी चहाच्या वेळी नानांसमोर तो रकाना वाचायचा. मालक म्हणून तुमचा सकाळचा पहिला तास त्या रकान्यासाठीच आहे. बिजागरीवाल्याला फोन, पॉलिशवाल्याला फोन, गिऱ्हाइकाला फोन. त्यानंतर तुमचा फोन ड्रॉवरमध्ये. मापं घेताना गिऱ्हाइकाचा फोन उचलला की साडेतेवीसचं साडेबावीस होतं. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाला त्याच्या कामाचा एक फोटो आणि एक ओळ पाठवा. वहीतल्यांनाही पाठवा: "तुमचं काम १२ तारखेला कापायला घेणार." आठवडाभराचे निम्मे फोन तिथेच थांबतील.

आणखी एक. ही कपाटं शेडमध्ये उभी करताच कशाला? नानांच्या पिढीची सवय अशी की डबा ग्लू लावून, खिळे मारून इथेच पक्का करायचा आणि टेम्पोत घालून न्यायचा. मग तो लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर अडतो, चौघं मिळून तिसऱ्या मजल्यावर चढवतात. सात फुटी कपाट साडेतीन-साडेतीनच्या दोन डब्यांत करा आणि मिनिफिक्सवर, म्हणजे पुन्हा सोडवता येणाऱ्या स्क्रूच्या जोडांवर, जोडा. शेडमध्ये एकदा कोरडं उभं करून सगळं जुळतंय का बघा, फळ्यांवर नंबर टाका, सोडवा, भिंतीला उभ्या लावून ठेवा. ६६ चौरस फूट अडवणारं कपाट दीड फूट जाडीच्या थप्पीत बसतं. नाना सुरुवातीला नाक मुरडतील. एकदा त्यांना तिसऱ्या मजल्यावरचं फिटिंग सुट्या भागांनी करू द्या, पाठ काय सांगते ते तेच तुम्हाला सांगतील.

दिवसांचा हिशेबही आपल्याकडचा हवा. पितृपक्षात बरीच गिऱ्हाइकं नवी वस्तू घरात घेत नाहीत. भाद्रपदाच्या शेवटी तयार झालेलं कपाट घटस्थापनेपर्यंत तुमच्याच शेडमध्ये राहतं, आणि दसऱ्याला सगळ्यांना एकदम हवं असतं. म्हणून गणपतीच्या आधी जे जाईल ते जाऊ द्या, आणि पितृपक्षाचा पंधरवडा मशिनांच्या देखभालीसाठी, शेड आवरण्यासाठी राखून ठेवा. आवरताना नानांचा तुकड्यांचा ढीग निघेल. प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो आणि "उपयोगी पडेल" या एका वाक्यावर वर्षानुवर्षं जगतो. फूटभराच्या आतला प्लायचा तुकडा टाकायचा, त्यावरच्याला जाडी लिहून उभा रॅकमध्ये लावायचा. सागवानाचे तुकडे मात्र ठेवा. गौरी-गणपतीच्या आधी पाट आणि चौरंग विचारत लोक येतातच.

आता नाना. इथे जरा सावकाश जाऊ, कारण हा प्रश्न नुसत्या गार्डचा नाही. नानांनी तुम्हाला शेडमध्ये भुशात खेळताना पाहिलंय, आणि आता तुम्ही त्यांचा पगार काढता. पोरांसमोर तुम्ही "गार्ड लावा" म्हणालात की तो मालकीणबाईंचा हुकूम होतो, आणि तो मोडणं ही त्यांची इभ्रत. तेव्हा पोरांसमोर नको. काम सुटल्यावर दोघंच बसा, जमलं तर बाबांना शेजारी बसवा, त्यांना बोलता येत नसलं तरी.

आणि सांगण्याआधी विचारा: गार्ड का काढता? कारण आहे त्याला. पाठीच्या प्लायसाठी किंवा ड्रॉवरच्या तळासाठी खाच मारायची असते, तेव्हा पातं लाकडातून आरपार जात नाही आणि गार्ड आड येतं. म्हणून ते निघतं. खाच मारून होते, पण पुन्हा लावायला दोन पाने आणि पाच मिनिटं लागतात, म्हणून ते कोपऱ्यात पडून राहतं. नानांचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर आहे. उपाय असा की खाच मारायचं काम टेबल सॉवरून काढून टाका. एक राउटर (खाच पाडायचं हातातलं मशिन) उलटा बसवून छोटं वेगळं टेबल करा, खाचा तिथे. मग सॉचं गार्ड काढायला कारणच उरत नाही.

गार्डइतकीच महत्त्वाची पात्यामागची ती उभी पातळ पट्टी, रायव्हिंग नाइफ. लाकूड चिरत असताना कापलेले दोन भाग पात्यामागे मिटायला बघतात, पातं चिमटलं जातं, आणि फळी क्षणात मागे, कापणाऱ्याच्या पोटावर फेकली जाते. पट्टी त्या दोन भागांना मिटू देत नाही. लोकल बनावटीच्या बऱ्याच सॉ टेबलांना ती नसतेच. तुमच्याला नसेल तर फॅब्रिकेटरकडून करून घ्या. जाडी पात्याच्या पत्र्याहून किंचित जास्त आणि दातांच्या कटाहून किंचित कमी. हे माप नाना कुणाहीपेक्षा चांगलं काढतील, त्यांनाच काढू द्या. अरुंद पट्टी ढकलायला प्लायच्या तुकड्याची खाच असलेली काठी करून सॉच्या पायाला दोरीने बांधा, म्हणजे ती शोधावी लागणार नाही. "पोरांना तुम्ही शिकवा, माझं ते ऐकत नाहीत" असं त्यांना म्हणा. खोटं नाही ते.

याबाबतीत मात्र एक गोष्ट हुकूम म्हणूनच सांगायची, नाना असोत की हेल्पर. फिरत्या पात्याजवळ हातमोजे नकोत, गळ्यात गमछा नको, मनगटावर लाल धागा किंवा कडं नको, लांब बाह्या नकोत. तुम्ही स्वतः मशिनजवळ उभ्या राहत असाल तर ओढणीही नको. प्लेनरच्या, म्हणजे रंधा मारायच्या मशिनच्या, रोलरमध्ये गमछ्याचं टोक गेलं तर "थांब" म्हणायला वेळ मिळत नाही. इथे मान राखायचा प्रश्न येत नाही.

मास्कचं वेगळं. नाना तंबाखू मळत असतील तर मास्कशी त्यांचं भांडण तिथूनच सुरू होतं, आणि ते तुम्ही सोडवू शकणार नाही. मग भुसाच कमी करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली, नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगामुळे. दिसतो तो जाड भुसा त्यातल्या त्यात बरा, खाली बसतो. सँडरची पिठासारखी धूळ तासन् तास हवेत राहते आणि छातीत खोल जाते. म्हणून पहिला खर्च डस्ट कलेक्टरचा करा, कापडी पिशवीवाला, नळी सॉला आणि प्लेनरला. सँडरला व्हॅक्यूम जोडा. कंप्रेसरच्या हवेने कपडे झटकणं आजपासून बंद, खाली बसलेली धूळ त्याने पुन्हा सगळ्यांच्या नाकात जाते. झाडू मारायच्या आधी जमिनीवर ओलसर भुसा पसरायचा. आणि सँडिंग करणाऱ्याला एन-९५ मास्क सक्तीचा. रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे. नानांना सँडिंगवर बसवूच नका, त्यांचा हात त्याहून महाग आहे.

मुलीचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त चालला असेल तर डॉक्टरांकडे न्या, आणि घरामागे वर्कशॉप आहे, तिथे कुठलं पॉलिश वापरतात, हे स्वतःहून सांगा. कशाने आहे ते मी इथून सांगू शकत नाही. पण घराच्या बाजूची शेडची खिडकी कायमची बंद करा आणि एक्झॉस्ट फॅन विरुद्ध दिशेला काढा. मेलामाइन किंवा पीयू पॉलिशचा स्प्रे मुलगी शाळेत असताना. पॉलिशसाठी कोपरा वेगळा, जाड प्लॅस्टिकचा पडदा सोडून, आणि त्या वेळी सॉ बंद. मागच्या वेळी तुमच्या पॉलिशवर बारीक कण बसले असतील तर ते याच कारणाने. पावसाळ्यात हवा दमट असताना लाखेचं किंवा लॅकर पॉलिश पांढरट पडतं, तेव्हा उन्हाच्या दिवसाची वाट बघा, हेअर ड्रायर फिरवून भागवू नका. संध्याकाळी कामावरचे कपडे शेडमध्येच बदलायचे, घरात न्यायचे नाहीत.

अळशीच्या तेलाचे बोळे वापरत असाल तर तेही बघा. तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगाळून कोपऱ्यात टाकलेला बोळा आपोआप पेटू शकतो, काडी लागत नाही. बाहेर पाण्याची लोखंडी बादली ठेवा, बोळे त्यात. घराला लागून शेड आणि शेडमध्ये भुसा, थिनर, असं असताना एक एबीसी प्रकारचं (लाकूड, थिनर, वीज अशा सगळ्या आगींना चालणारं) अग्निशामक दाराशी हवंच. आत खोल नको, दाराशी.

इंटिरियरवाल्याच्या पैशांबद्दल. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर आज करा, ऑनलाइन होते आणि फुकट होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत भागवावं लागतं. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. नोंदणी आधी आणि माल नंतर, हा क्रम पाळा. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला दिसला की काही लोकांना आपोआप आठवण होते. अडकलेल्या रकमेसाठी त्यांना तारखांसकट लेखी पत्र पाठवा, फोनवर भांडू नका. आणि यापुढे सगळ्यांनाच: ड्रॉइंगवर सही करताना निम्मे, माल शेडमध्ये तयार बघितल्यावर ४० टक्के, फिटिंगनंतर १०. टेम्पोत माल चढण्याआधी ९० टक्के हातात. इंटिरियरवाला म्हणेल की अशाने तुमचं काम बंद करीन. ११ ऑर्डरी असताना एक गेला तर मला वाटतं तुम्हाला बरंच होईल.

सहा महिन्यांनी फळ्यावरच्या पाच ओळी नीट चालू लागल्या, महिन्याला सहा कामं बाहेर पडू लागली आणि तरीही जागा कमी पडली, तर कुपवाडची शेड जरूर बघा. थ्री फेज कनेक्शन किती लोडचं आहे, टेम्पो आत वळतो का, छत किती उंच आहे, एवढं बघा. आणि शेजारच्याला विचारा की २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ ची. हे सांगलीकराला मी काय सांगावं, पण भाड्याच्या करारावर सही करताना भले भले विसरतात. शेड आहे ती असो की नवी, प्लाय जमिनीवर ठेवू नका, दीड-दोन फूट उंच रॅक करा. पूर सोडाच, नुसत्या ओलीनेही खालची शीट फुगते.

आणि मावशीचा देव्हारा. हसले नाही, कारण घरच्यांच्या फुकट कामांचा हिशेब मांडायची हिंमत भल्याभल्यांना होत नाही. करा देव्हारा, पण लाकडाचे पैसे घ्या. घनफूट कसं काढतात ते मावशीलाच दाखवा: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, गुणाकार करा आणि १४४ ने भागा. तीन फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे एक अष्टमांश घनफूट. चार खांब, कळस, ड्रॉवर, मागची जाळी असं सगळं मांडलं आणि त्याला वखारीतला दर लावला की मावशी स्वतःच म्हणेल, थोडा छोटा कर. सागवान कुठलं हे आधी ठरवा. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहहून सागवान गेलं, तेव्हापासून लोक देव्हाऱ्यालाही बल्लारशाहचंच मागतात, आणि घानाहून आलेल्या लाकडात आणि त्यात दराचा बराच फरक आहे. जे घ्याल ते बिलात लिहून घ्या.

मजुरी तुमच्याकडून भेट म्हणा. नानांना मात्र ती पूर्ण द्या, कळस तेच करणार आहेत. दसऱ्याची तारीख देऊ नका, तुळशीच्या लग्नानंतर म्हणा. आणि वहीत नाव लिहा, शेवटच्या ओळीत, बाकीच्या गिऱ्हाइकांच्या खाली.